टेक्स्चरच्या चित्राला उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात पोपडे: दोष कुठे आहे ते कसं ओळखायचं

जाड थराची अमूर्त चित्रं करणाऱ्यांची विदर्भात एकच तक्रार वर्षातून दोनदा येते. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी चॉक पावडर आणि गोंदाचा लगदा थापावा, तर सकाळी त्यावर भेगांचं जाळं. जे चित्र उन्हाळ्यातून सुखरूप सुटतं, त्याचे पोपडे मृगाच्या सरींनंतर निघायला लागतात. मग भेगेत पुट्टी भरायची, वरून रंग मारायचा, आणि पुढच्या वर्षी बरोबर त्याच जागी चित्र पुन्हा उलतं.

पुट्टीने भेग झाकली जाते, पण ज्यामुळे ती पडली ते तसंच आत राहतं. कारणं मोजकीच आहेत. निघालेला पोपडा फेकून न देता हातात घेतला तर त्यातलं कोणतं आपल्याला लागू आहे ते दोन मिनिटांत कळतं.

आधी पोपडा उलटा करून बघा

नखाएवढा तुकडा पुरे. मोबाईलचा टॉर्च समोरून न धरता बाजूने, पाटाला (चित्र ज्या फळीवर केलंय तिला) जवळजवळ टेकवून धरा. आडव्या उजेडात समोरून न दिसणारं सगळं दिसतं.

पोपड्याची पाठ गुळगुळीत आणि खालचा पाट स्वच्छ असेल, तर थर पाटाला कधी चिकटलाच नव्हता. खाली ऑइल पेंट आहे, सनमायका आहे, नाहीतर धूळ किंवा तेलकटपणा. तुकडा मधूनच फुटला आणि दोन्ही बाजूंनी पिठासारखी पावडर सुटत असेल, तर लगद्यात गोंद कमी पडलाय किंवा पाणी जास्त झालंय. पाठीला लाकडाचे तंतू चिकटून आले असतील, तर लगदा उत्तम होता, प्लायच फुगला. पोपडा नाही, फक्त जाळी आहे आणि प्रत्येक चकतीच्या कडा किंचित वर वळल्यात, अगदी आटलेल्या तळ्याच्या गाळासारख्या, तर थर जाड होता आणि वरून आधी वाळला. कॅनव्हासवर चौकटीला समांतर लांब रेघा पडल्या असतील, तर कापड ढिलं-ताठ होतंय. आणि पांढरी बुरशीसारखी पावडर ओल्या बोटाने पुसली की विरघळते, पण वाळल्यावर परत येते, तर ते मीठ आहे. त्याच्याकडे पुढे येऊ.

बहुतेक चित्रांत यातली दोन कारणं एकत्र असतात. ज्याचा तुकडा मोठा निघतो, ते आधी धरा.

जाळीदार भेगा: सर्वांत जास्त चित्रं इथेच जातात

पांढऱ्या गोंदात (कंपनी कोणतीही असो, आपण त्याला फेविकॉलच म्हणतो) जवळपास निम्मं पाणी असतं. ते उडालं की थर आकसतो. सगळा थर एकसारखा आकसला तर काही बिघडत नाही. पण वर कातडी धरली आणि खाली चिखल राहिला, तर खालचा भाग नंतर आकसताना वरच्या वाळलेल्या कातडीला ओढतो आणि ती फाटते. दही विरजताना भांडं हलवलं तर काय होतं, तसंच काहीसं.

विदर्भात ही कातडी धरायला वेळच लागत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, हवा कोरडी ठणठणीत, डोक्यावर पत्रा. त्यात चित्र लवकर वाळावं म्हणून लोक ते कूलरसमोर उभं करतात. कूलरची हवा दमट असली तरी झोत जोराचा असतो. झोताकडची बाजू आधी वाळते, पलीकडची मागे राहते, आणि भेग बरोबर त्या दोहोंच्या सीमेवर पडते. पंख्याचंही तेच. उन्हात ठेवणं तर विचारूच नका.

दुसरी हौस म्हणजे गवंड्याची नक्कल. गवंडी प्लास्टरला तराई करतो म्हणून काही जण गोंदाच्या लगद्यावरही पाणी शिंपडतात. सिमेंटला घट्ट व्हायला पाणी लागतं. गोंदाला घट्ट व्हायला त्यातलं पाणी निघून जावं लागतं. शिंपडलेल्या पाण्याने वरची कातडी पुन्हा मऊ होते आणि सगळा खेळ पहिल्यापासून सुरू होतो.

लगद्याचं चालणारं माप असं: चॉक पावडर ३ वाट्या, मैद्याच्या चाळणीने चाळलेली. गोंद १ वाटी, शक्यतो पाण्याला टिकणारा, दुकानात ‘मरीन’ म्हणून मागा. पांढरा अ‍ॅक्रिलिक इमल्शन, म्हणजे घराच्या भिंतीचाच, अर्धी वाटी. पाणी २ चमच्यांपासून सुरू करायचं, ४ चमच्यांच्या पुढे नाही. ओले पदार्थ आधी एकत्र करा आणि पावडर त्यात थोडी थोडी टाका. उलटं केलं तर गुठळ्या राहतात, आणि प्रत्येक गुठळी ही उद्याच्या भेगेची जागा असते. लगदा श्रीखंडाइतका घट्ट हवा: पुट्टीच्या पत्तीवर घेऊन पत्ती उलटी केली तर लगदा पडू नये.

एवढ्यात साधारण तीन वाट्या लगदा होतो. दोन मिलिमीटर जाडीने तो दोन-अडीच चौरस फुटांना पुरतो. म्हणजे दोन बाय दोनच्या पाटाला वरच्या मापाची दुप्पट तयारी ठेवा. अर्ध्यात लगदा संपला आणि दुसरा घाणा वेगळ्या पातळपणाचा झाला, तर सांध्यावर रेघ पडते.

दोन मिलिमीटर म्हणजे किती, याला पट्टी लागत नाही. आगपेटीची काडी तेवढ्याच जाडीची असते. पाटावर दोन काड्या आडव्या ठेवा, पत्ती त्यांच्यावरून ओढा. एका वेळी एवढीच जाडी. उंचवटा दहा मिलिमीटरचा हवा असेल तर पाच थर द्या, किंवा आत थर्माकोलचा तुकडा चिकटवून वर दोनच द्या. दुसरा मार्ग लवकर होतो, वजनही हलकं.

तीन वाट्यांतली एक वाटी चॉक काढून तिथे बारीक रेती घातली तर भेगा निम्म्याच्या वर कमी होतात, असा कारागिरांचा हात सांगतो, आणि त्यामागे सरळ कारण आहे. चॉकचे कण पिठासारखे, गोंद आकसला की तेही सरकतात. रेतीचे दाणे एकमेकांना टेकून उभे राहतात, त्यांना सरकायला जागा नसते. वैनगंगेची बारीक रेती छान. खूप गोल दाण्यांपेक्षा थोडी खरबरीत बरी.

उन्हाळ्यात थापायची वेळ दिवस मावळल्यावरची. पाट सपरीत (ओसरीत) जमिनीवर आडवा ठेवा, चार कोपऱ्यांना चार विटा, त्यावर जुनं लुगडं ताणून टाका. कापड थराला लागू नये, वीतभर अंतर असलं तरी चालेल. रात्रभर हवा खालून हळू फिरते आणि वरची कातडी लवकर धरत नाही. सकाळी कापड काढा. दुसरा थर उन्हाळ्यात २४ तासांनी, पावसाळ्यात तीन-चार दिवसांनी.

वाळलं की नाही हे रंगावरून ठरवू नका. हाताची उलटी बाजू थरावर टेकवा. गार लागला तर आत पाणी आहे आणि ते उडतंय. पावसाळ्यात सगळंच गार लागतं, तेव्हा रात्री पॉलिथिनचा हातरुमालाएवढा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर थांबा.

डिसेंबर-जानेवारीचं उलटं असतं. रात्री पारा १० च्या खाली गेला की पाण्यातल्या गोंदाचे आणि अ‍ॅक्रिलिकचे कण एकमेकांत विरघळून सलग पापुद्रा होत नाहीत. सकाळी थर कोरडा दिसतो, पण बोटाला पांढरं लागतं. ओला पाट त्या दिवसांत रात्री सपरीत ठेवू नका, आतल्या खोलीत घ्या.

काळी माती चित्रात घ्यायची असेल तर

घ्यायचा मोह होणारच, शेताची माती आहे. पण विदर्भाची काळी कापसाची जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी का फाटते? तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि ते सोडताना प्रचंड आकसते. हाच गुण ती चित्रातही दाखवते. गोंद कितीही घाला, दर पावसाळ्यात ती हवेतली ओल पिणार आणि दर उन्हाळ्यात सोडणार.

चाळलेली माती एक भाग, बारीक रेती चार भाग, त्याहून जास्त माती नको. थर एका काडीच्या जाडीचा. खालचा पाट कडक हवा, कॅनव्हासवर हा प्रयोग करूच नका. फक्त काळा रंग हवा असेल तर माती कशाला, कोळशाची वस्त्रगाळ पूड वापरा.

मातीचाच पोत आणि लालसर रंग हवा असेल तर फुटकी कवेलू (कौलं) कुटून घ्या. जुनी घरं पाडली की त्यांचे ढीग पडलेले असतात. भट्टीत भाजली गेलेली माती पुन्हा फुगत नाही, तो गुण आगीत जातो. कुटलेल्या कवेलूचे जाडीनुसार तीन प्रकार करा: मैद्याच्या चाळणीखालचं, रव्याच्या चाळणीखालचं, आणि वर उरलेलं जाडं. एकाच चित्रात तिन्ही वापरले की पत्तीने न मिळणारा खडबडीतपणा मिळतो. कुटताना नाकाला ओला रुमाल बांधा, ही धूळ फुप्फुसाला वाईट.

पोपडे: पाटाचं दुखणं

कॅनव्हास ढोलासारखा हलतो. त्यावर दगडासारखा थर टिकेल ही अपेक्षाच चूक. एका काडीहून जाड काम असेल तर ६ मिलिमीटरचा प्लाय घ्या, मागून चारही बाजूंना आणि मधे आडवी एक इंचाची पट्टी ठोका. दोन बाय दोनच्या पाटावर दोन मिलिमीटरचा सलग थर वाळल्यावरही सहज किलोभर भरतो, हे टांगण्याच्या खिळ्याच्या वेळी लक्षात ठेवा.

प्लाय फुगतो तो कडांतून आणि पाठीतून. सगळे पुढची बाजू रंगवतात, पाठ उघडी ठेवतात. मग पावसाळ्यात पाठ ओल पिते, पुढची पीत नाही, पाट वाकतो आणि थर सुटतो. उपाय सोपा आहे आणि तरी कोणी करत नाही: पुढे जो अस्तर द्याल तोच मागे द्या, कडांना दोनदा. एमडीएफ वापरत असाल तर कडांना तीनदा.

अस्तराआधी १२० नंबरचा पॉलिश पेपर मारा, ओल्या फडक्याने धूळ पुसा, वाळू द्या. गोंद आणि पाणी समप्रमाणात, एक हात. त्यावर अ‍ॅक्रिलिक प्रायमर एक हात. जुन्या दुकानाची पाटी, दाराचं फळकूट असं काही वापरणार असाल तर त्यावरचा ऑइल पेंट घासून लाकूड दिसेपर्यंत काढा. तेलाच्या रंगावर पाण्याचा थर सहा महिने टिकतो, सातव्या महिन्यात चपातीसारखा सुटतो.

भिंतीची सिमेंटवाली पुट्टी स्वस्त पडते म्हणून खूप वापरली जाते. कडक पाटावर काडीपेक्षा पातळ थर असेल तर चालते. पण तिच्यात आणि चुन्यात क्षार असतो. प्रशियन निळा रंग त्यावर काही दिवसांत तपकिरी पडतो. धुण्याची नीळ, गेरू, पिवडी टिकतात. शंका असेल तर पुट्टी आणि रंगाच्या मधे प्रायमरचा एक हात द्या.

पांढरं परत परत येतं

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाण पट्ट्यात पूर्णेच्या खोऱ्यातलं बोअरचं पाणी खारट असतं. तेच लगद्यात जातं, तेच रंग पातळ करायला. पाणी उडतं, मीठ राहतं, आणि दमट हवेत ते वर येऊन पांढरं फुटतं. गडद रंगावर लगेच दिसतं. यावर व्हार्निश मारणं म्हणजे घाव बुजवून आत पू ठेवणं: मीठ व्हार्निशखाली फुटतं आणि रंगासकट उचलतं.

लगद्याला पिण्याचं आरओचं पाणी वापरा, दोन-चार चमच्यांचाच प्रश्न आहे. किंवा पागोळीचं पाणी, पहिल्या दोन पावसांनंतरचं. रेती घमेल्यात घेऊन तीन-चार पाण्यांनी धुवा, शेवटचं पाणी चांगलं. आधीच फुटलं असेल तर कोरड्या ब्रशने झाडा, ओलं फडकं लावू नका, मीठ परत आत जातं. दसऱ्यानंतर हवा कोरडी व्हायला लागते तोवर झाडत राहा. ज्या चित्रात दर वर्षी येतं, त्याचा तेवढा भाग खरवडून नवा करण्याला पर्याय नाही.

कापूस, बारदाना, तुराट्या

शेतातला कापूस पाण्यावर टाकून बघा. तो तरंगतो, कितीतरी वेळ बुडतच नाही. त्याच्या तंतूवर नैसर्गिक मेण असतं. गोंदही पाण्याचाच, तो आत शिरणार कसा? वरून पांघरूण घालतो, आत कोरडा कापूस राहतो, आणि हात लागला की अख्खा पुंजका हातात येतो. सरकी काढलेली रुई लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा टाकून अर्धा तास उकळा, धुवा, वाळवा. पुन्हा पाण्यावर टाका. बुडायला लागली की वापरायला तयार. घाई असेल तर मेडिकलचा कापूस, त्याचं मेण आधीच काढलेलं असतं. सरकी मात्र चित्रात नको. उंदीर ती शोधत येतात.

बारदाना तागाचाच हवा. युरियाच्या प्लास्टिक पोत्याला गोंद धरत नाही. तागाचा धागा तयार करताना त्याला तेल लावतात, शिवाय धान्याच्या पोत्यात कीडनाशक पावडर असू शकते, म्हणून सोड्याच्या गरम पाण्यात धुतल्याशिवाय घेऊ नका. पाटावर गोंद, त्यावर बारदाना, वर पुन्हा पातळ गोंद, मग लगदा. विणीच्या छिद्रांतून लगदा आत धरतो आणि पोपडा निघायचं जवळजवळ बंदच होतं. भेगांचा त्रास असलेल्यांनी आणखी काही न करता एवढं केलं तरी फरक दिसेल.

तुराट्या, पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या), कुटार (भुसा) हे सगळं कडक उन्हात आठवडाभर वाळवून, पातळ गोंदात बुडवून, पुन्हा वाळवून मगच थरात रोवा. कच्चं ठेवलं तर श्रावणात बुरशी आणि त्यानंतर भुंगे. घरची मैद्याची खळ तर पूर्ण टाळा, कसर आणि झुरळं तिच्यावरच जगतात.

हात पुढे धावतो, थर ओला असतो

आता मूळ अडचणीकडे. आराखडा न करता, हात नेईल तिकडे जायचं, हीच या कामाची मजा. पण हात दर दहा मिनिटांनी काहीतरी मागतो आणि थर २४ तास मागतो. बहुतेक भेगा या दोघांच्या भांडणातून पडतात. ओल्या लगद्यावर रंग, रंगावर पुन्हा लगदा, मग वर रेती. रंगही मेले: ओल्यात लाल आणि हिरवा, जांभळा आणि पिवळा एकमेकांत गेले की चिखल. गढूळ झालेला रंग आणखी रंग टाकून स्वच्छ होत नाही, वाळू द्यावा लागतो.

एकाऐवजी चार पाट घ्या, लहान, फूटभराचे. पहिल्यावर लगदा, तो वाळेपर्यंत दुसऱ्यावर बारदाना, तिसऱ्यावर कालच्या थराला रंग. हाताला थांबावं लागत नाही, थराला वेळ मिळतो. सामानावरही मर्यादा घाला: एका चित्रात पोताच्या तीन वस्तू आणि तीन रंग. घरात दहा डबे असले की दहाही उघडावेसे वाटतात.

ओल्या लगद्यात नखाने, कंगव्याने, तुराटीच्या टोकाने ओढलेली रेघ पहिल्या वीस मिनिटांत चांगली उमटते. उन्हाळ्यात दहाच. त्यानंतर ओढलेली रेघ कडांना फाटते. तेव्हा उत्स्फूर्त जे काही करायचं ते त्या वेळात बिनधास्त करा, आणि मग पाट सोडून उठा.

नागपुरात १९२४ साली जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत आणि उतरवत. त्यांची चित्रं अमूर्त, पण घाईची एकही नाही. वर्षभरात ती मोजकीच होत.

रंग देताना आणखी एक: ओला अ‍ॅक्रिलिक दुधाळ दिसतो, वाळला की एक छटा गडद होतो. खडबडीत पोतावर तर सावल्या पडून आणखी गडद. म्हणून पाहिजे त्यापेक्षा थोडा उजळ रंग घ्या. आणि पोत दिवसा भर उजेडात ठरवू नका, संध्याकाळी खिडकीतून तिरपा उजेड येतो तेव्हा बघा.

दुरुस्ती

नवा थर देण्याआधी सैल झालेलं किती ते कळायला हवं. नखाने हलकं ठोका. पोकळ वाजेल तिथे खडूने खूण. मेडिकलमधून ५ मिलीची सिरिंज आणि जाड सुई आणा. भेगेतून आधी पाण्यात थेंबभर भांडी धुण्याचा साबण टाकून एक-दोन थेंब सोडा, म्हणजे आतली धूळ ओली होते. दहा मिनिटांनी गोंद आणि पाणी सम मापाने, कडेवर दिसायला लागेपर्यंत. वर आलेला लगेच पुसा. त्यावर पॉलिथिन, त्यावर रेती भरलेली कापडी पिशवी, १२ तास. विटेचं वजन ठेवू नका, उंचवटे मोडतात.

पिठासारखा सुटणारा थर गोंद पाजून वाचत नाही. तो पत्तीने कडकापर्यंत खरवडा.

केसाएवढ्या भेगा बुजवायची गरजच नाही. गडद रंग पातळ करून त्यावर फासा, लगेच कोरड्या फडक्याने वरचा पुसा. भेगांत रंग राहतो आणि रेघांचं जाळं चित्राचाच भाग होतं. अट एकच, सैल काही नको.

व्हार्निश शेवटच्या थरानंतर हिवाळ्यात दोन आठवड्यांनी, पावसाळ्यात शक्यतो नाहीच. ओल अडकली की दुधासारखा पडदा बसतो.

ठेवताना चित्रं तोंडाला तोंड लावून रचू नका. पांढरा गोंद ४० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो, आणि नवतप्यात (मेअखेरीस सुरू होणाऱ्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) पत्र्याखालची खोली त्याच्या बरीच पुढे असते. जूनमध्ये वेगळी करायला गेलात तर एकाचा पोत दुसऱ्यावर येतो. उभी ठेवा, मधे बोटभर फट. मातीच्या भिंतीवर टांगताना पाठीच्या चारही कोपऱ्यांना रबरी बुचं लावा, इंचभर हवा खेळती राहते आणि वाळवी चढली तर माग लगेच दिसतो.